छत्तीस गढ, पण डोंगर कुठे?

भिलाईतल्या सुपेल्याहून दुर्ग जेमतेम काही मैल. पण सह्याद्रीत वाढलेल्या मराठी डोळ्यांना तिथे दुर्ग दिसत नाही. सगळा मुलूख धानाचा, परातीसारखा सपाट. ‘दुर्’ आणि ‘गम्’ मिळून झालेला हा शब्द. जिथे जाणे कठीण ते दुर्ग. इथे तर हमरस्ताच गावातून जातो! इंग्रजांनी त्याचे ‘ड्रग’ केले आणि १९१० चे जिल्हा गॅझेटियरही त्याच नावाने छापले.

दोष गावाचा नाही, आपल्या सवयीचा आहे. मनुस्मृतीत सहा प्रकारचे दुर्ग सांगितले आहेत : धन्व, मही, अब्, वार्क्ष, नृ आणि गिरी. डोंगर त्यांतला एकच. मातीचा महीदुर्ग आणि पाण्याचा अब्दुर्ग हे त्याच्याच पंक्तीला बसतात. गिरिदुर्गालाच दुर्ग मानण्याची खोड रायगड-राजगडाने आपल्याला लावलेली दिसते.

आता ‘गढ’. मराठीत याचे दोन वारस आहेत. ‘गड’ डोंगरावर चढला. ‘गढी’ पठारावर देशमुख-पाटलांच्या पांढऱ्या मातीच्या बुरुजांत राहिली. छत्तीसगढी ‘गढ’ हा गढीचा सख्खा भाऊ वाटतो. मूळ काय असावे? संस्कृत कोशांत ‘गड’ या शब्दाचा एक अर्थ खंदक, चर असा आहे. खणलेली माती आतल्या बाजूला टाकली की चराला लागून आपोआप तट उभा राहतो; तेव्हा चराचे नाव तटाला आणि तटाचे आतल्या वस्तीला लागले असावे. सह्याद्रीच्या कड्यावर ही व्युत्पत्ती ओढूनताणून वाटते, पण छत्तीसगढातल्या रतनपूरच्या किल्ल्याभोवतीचा किंवा मल्हारच्या मातीच्या कोटाभोवतीचा खंदक पाहिला की चटकन पटते.

‘खंदक’ तर आणखी गमतीचा. फारसी ‘कंदन’ म्हणजे खणणे. त्याच घराण्यातला जुना इराणी शब्द अरबांनी ‘ख़ंदक़’ करून घेतला. मदिनेच्या रक्षणासाठी ६२७ साली चर खणला, तो सलमान या इराणी माणसाच्या सल्ल्याने, अशी परंपरा आहे; शब्द आणि युक्ती एकाच गावची. तोच शब्द पुढे फारसीमार्गे मराठीत उतरला आणि इथे त्याला आपलेच ‘खणणे’, ‘खाण’, ‘खनित्र’ भेटले, कारण संस्कृत ‘खन्’ आणि हा इराणी धातू चुलतभाऊ. म्हणजे ‘खंदक खणला’ म्हणताना आपण एकच धातू दोन वाटांनी आणून शेजारी बसवतो.

पण ‘छत्तीसगढ’ या नावातला छत्तीस हा आकडा बुरुजांचा नसून हिशेबाचा दिसतो. इथल्या कलचुरी राजांच्या व्यवस्थेत ८४ गावांचा गढ, १२ गावांचा ‘बरहों’ आणि गावावर गौंटिया, अशी उतरंड सांगतात. शिवनाथ नदीच्या उत्तरेला रतनपूरचे १८ गढ, दक्षिणेला रायपूरचे १८. दुसऱ्या यादीत दुर्ग आणि पाटण दोन्ही आहेत. इथे ‘गढ’ म्हणजे किल्ला कमी आणि परगणा जास्त. सुरतेच्या ‘चोर्यासी’ तालुक्यातही ८४ च लपले आहेत.

अर्थात सरळ हिशेब विद्वानांना पुरत नाही. इतिहासकार हिरालालांना ‘चेदीशगढ’, म्हणजे चेदिराजांचा गढ, सुचले. पुरातत्त्वज्ञ बेग्लरने ‘छत्तीस घर’ अशी दंतकथा नोंदवली. पहिली व्युत्पत्ती फार विद्वान आणि दुसरी फार सोयीची; माझे मत १८ अधिक १८ लाच.

पुढे या गढांवर मराठे आले. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्करपंत बंगालच्या वाटेवर रतनपूरवर चालून गेला, आणि १७५८ पासून बिंबाजी भोसल्याने तिथूनच कारभार पाहिला. त्याने बांधलेल्या राममंदिराची टेकडी आज ‘रामटेकरी’ म्हणून ओळखली जाते. नागपूरकर भोसल्यांच्या मनात रामटेक असणारच. नाव तिथूनच आले असावे. त्याच्यामागे १७८७ पासून सुभेदार आले, आणि गढांच्या मुलखावर अरबी ‘सुभा’ बसला.

राहता राहिला सुपेला. आपली ‘सुपली’ आणि तिकडची ‘सुपेली’ दोन्ही ‘शूर्प’च्या लेकी. धानाच्या देशात गावाच्या नावात सूप असणे अशक्य नाही, पण यावर पैज लावणार नाही.

वाचकांपैकी कोणाच्या गावी गढी उरली असेल, तर तिच्याभोवती चराची खूण आहे का, आणि जुनी माणसे त्या चराला काय म्हणतात, तेवढे जरूर कळवावे.