मनःस्वास्थ्यासाठीच्या वनौषधी : परंपरा आणि पुरावा

गोमंतकात परसातील ओलसर जागी पसरणारी गोल पानांची वेल अनेक घरांत ब्राह्मी म्हणून वापरली जाते. वनस्पतिशास्त्रानुसार ती मंडूकपर्णी होय. आयुर्वेदीय औषधांत आज ब्राह्मी म्हणून मान्य असलेली बाकोपा ही लहान, मांसल पानांची निराळी वनस्पती आहे. बाकोपावरील चाचण्या मुख्यतः स्मरणशक्तीविषयीच्या आहेत. नैराश्यावर ती गुणकारी असल्याचा भक्कम पुरावा नाही.

अश्वगंधेच्या मुळाने ताण व निद्रानाश कमी होत असल्याचे काही लहान, अल्पकालीन चाचण्यांत आढळले. मात्र तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. गर्भवतींनी आणि थायरॉइडच्या रुग्णांनी ती वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये.

केशराविषयीचा पुरावा तुलनेने आश्वासक आहे. तेहरान येथील चाचण्यांत सौम्य ते मध्यम नैराश्याच्या रुग्णांना सहा आठवडे दररोज ३० मिलिग्रॅम केशरार्क दिला असता फ्लुओक्सेटिनइतकाच लाभ दिसला. परंतु रुग्णसंख्या अवघी चाळीसच्या आसपास होती.

वनौषधी निरुपद्रवी असते, हा समज सर्पगंधेच्या इतिहासाने खोटा ठरवला. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद व उच्च रक्तदाबावरील तिचा उपयोग नोंदवला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबविषयक निबंध १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्या मुळातून रेसर्पिन वेगळे केले व ते जगभर वापरात आले. पुढे ते घेणाऱ्या काही रुग्णांना तीव्र खिन्नता आल्याच्या नोंदी झाल्या. ही कारणमीमांसा आज वादग्रस्त असली, तरी नैराश्याच्या रुग्णांना रेसर्पिन न देण्याची सूचना कायम राहिली.

म्हणूनच मनोविकारावरील चालू गोळ्या परस्पर बंद करून काढा वा चूर्ण सुरू करणे धोक्याचे ठरते. दोन्ही घ्यायचे असल्यास तशी कल्पना डॉक्टर व वैद्य दोघांनाही द्यावी. पेडणे तालुक्यातील धारगळ येथे डिसेंबर २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था, तर बांबोळीला मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकल्यास तज्ज्ञांना भेटावे. आत्महत्येचे विचार येत असल्यास क्षणाचाही विलंब न करता १४४१६ या 'टेली-मानस'च्या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधावा.