तळटीप : फ्रेझर आणि ग्रंथालयातले मानवशास्त्र

* सर जेम्स जॉर्ज फ्रेझर (१८५४–१९४१). लेखकाने वर ज्या ‘द गोल्डन बाउ’चा आधार घेतला आहे, तो ग्रंथ १८९० मध्ये दोन खंडांत निघाला आणि १९१५ पर्यंत बारा खंडांवर गेला. जगभरच्या आदिवासींच्या जादूटोण्याविषयी व बळींविषयी सिद्धान्त मांडणाऱ्या फ्रेझर यांनी त्यांच्यापैकी एकाही समाजात राहून पाहणी केली नाही. केंब्रिजला बसून ते प्रवासवर्णने वाचत आणि छापील प्रश्नावल्या मिशनऱ्यांकडे व वसाहतींतील अधिकाऱ्यांकडे धाडत. उत्तरे आली ती त्या मंडळींच्या नजरेतून. ज्यांच्या चालीरीतींविषयी ती होती, त्यांचा आवाज त्यांत क्वचितच उमटला. शिवाय ऑस्ट्रेलियातला विधी, आफ्रिकेतली राजहत्या आणि इटलीतील नेमी सरोवराकाठचा पुजारी एका माळेत ओवले, की प्रत्येकाचा भवताल, भाषा, नातीगोती गळून पडतात. दोष आहे तो इथे; फ्रेझर यांच्या व्यासंगाबद्दल आदरच आहे. याउलट मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी १९१५ ते १९१८ या काळात ट्रोब्रियंड बेटांवर दीर्घ मुक्काम करून, तिथली भाषा शिकून काम केले आणि अभ्यासाची रीतच पालटली. (त्यांच्या १९२२ च्या ग्रंथाची प्रस्तावना फ्रेझर यांनीच लिहिली, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते.) आपल्याकडे दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि देवस्थाने पायी हिंडले, ते याच आस्थेने. प्रस्तुत प्रकरणात फ्रेझर यांचे उदाहरण येईल तेथे ती माहिती मुळात कोणी, कोठे गोळा केली, हे वाचकांनी जरूर पाहावे. — संपादक