गुठळी आणि श्वास : नव्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत नगर जिल्ह्यात छातीच्या एचआरसीटी स्कॅनचा स्कोअर आणि रक्ततपासणीतला डी-डायमर हे शब्द वाड्यावस्त्यांपर्यंत पोचले. पारनेर तालुक्यात भाळवणीला मोठे कोविड केंद्र उभे राहिले होते, खाटेसाठी नातेवाईक तालुक्यातालुक्यांत फोन फिरवत होते, आणि फोनवर पहिला प्रश्न असे, ‘डी-डायमर किती आला?’ रक्तातली गुठळी विरघळू लागली की हा आकडा चढतो. मग रुग्णाच्या पोटाची कातडी बेंबीच्या बाजूला चिमटीत धरून हेपरिनच्या जातीचे इंजेक्शन दिले जाई. दोन-चार दिवसांत तिथे काळेनिळे डाग उमटत आणि घरचे धास्तावत. त्या डागांमागचे शास्त्र समजून घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचे, परिचारिकांचे आणि आशाताईंचे या विषयात मनापासून स्वागत.

हेपरिन तसे जुने. १९१६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या कामातून त्याचा माग लागला. रक्त पातळ करणाऱ्या गोळीची कथा मात्र आपल्या दूधधंद्याच्या जिल्ह्याला जवळची वाटेल. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत ओलसर, बुरशी धरलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गाई रक्तस्रावाने मरू लागल्या. कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातले द्रव्य वेगळे काढले. त्याच कुळातले वॉरफेरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले. मात्रा चुकली तर हे औषध जिवावर बेतते, हे या विषयाला पहिल्यापासून चिकटलेले आहे.

आता मुख्य प्रश्न. रक्त पातळ ठेवले तर विषाणूचा आजार सौम्य होतो का? शंका रास्त होती. कोविडने गेलेल्यांच्या फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांत बारीक गुठळ्या फ्लूने गेलेल्यांच्या तुलनेत सुमारे ९ पट आढळल्याचे २०२० मध्येच प्रसिद्ध झाले होते. विषाणू वाहिन्यांचे अस्तर सुजवतो आणि तिथे रक्त गोठू लागते. पण उत्तर सरळ निघाले नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत, रुग्णालयात असूनही अतिदक्षतेची वेळ न आलेल्या रुग्णांना हेपरिनची पूर्ण मात्रा दिली, तेव्हा अवयवांना यंत्राचा आधार न लागता बरे होऊन घरी जाणाऱ्यांचे प्रमाण ७६ टक्क्यांवरून ८० वर गेले. गंभीर रक्तस्रावही थोडा वाढला. अतिदक्षता विभागात पोचलेल्यांना त्याच मात्रेने काहीच लाभ झाला नाही. घरीच उपचार घेणाऱ्यांवरची रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चाचणी तर मध्येच थांबवावी लागली, कारण त्यांच्यात गुठळीचा त्रासच फार थोड्यांना होत होता. हेतू तोच, पण वेळ चुकली की उपयोग संपला. माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म इथेच आहे.

आधीपासून गोळी घेणाऱ्यांचे काय, हा प्रश्न अधिक अवघड. ही माणसे बहुधा वयस्क, हृदयाचे ठोके अनियमित असलेली किंवा व्हॉल्व्ह बदललेली. त्यांच्यात मृत्यू जास्त दिसले तर दोष गोळीचा की मूळ आजाराचा? कमी दिसले तर श्रेय गोळीचे की त्यांच्या नियमित तपासण्यांचे? नुसत्या नोंदींवरून झालेले अभ्यास वाचताना हे दोन्ही प्रश्न हाताशी ठेवावेत.

आपल्याकडे त्यात आणखी एक गुंता आहे. ताप आला की जेवण सुटते, अँटिबायोटिक सुरू होते, आणि वॉरफेरिन किंवा त्याच जातीची ॲसिट्रोम गोळी घेणाऱ्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, जो बहुतेकांचा २ ते ३ मध्ये राखायचा असतो, पाहता पाहता वर जातो. अकोले किंवा पाथर्डीच्या आडगावातून ही तपासणी करून घ्यायची म्हणजे अख्खा दिवस मोडतो. म्हणून ती राहून जाते. ही उणीव गावातूनच भरून काढता येईल.

१९७० साली जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या प्रकल्पाने गावातल्याच बायकांना आरोग्याचे काम शिकवले. त्यांना जे जमले ते आज गावोगावच्या आशाताईंनाही जमेल. गावात रक्त पातळ करणारी गोळी कोण घेते, याची यादी करा. त्यांतले कोणी ताप-खोकल्याने आजारी पडले, तर गोळी आपल्या मनाने बंद करू देऊ नका, आणि ती वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम असेल तर आयएनआर लगेच तपासून घ्या.