कुंकळ्ळीकरीण फातर्प्यात

दक्षिण गोव्यात फातर्पे गावी शांतादुर्गेचे देऊळ आहे, आणि या देवीला सगळे कुंकळ्ळीकरीण म्हणतात. लग्न होऊन चार पिढ्या लोटल्या तरी एखाद्या बाईची ओळख माहेरच्या गावानेच सांगावी, तसे हे नाव आहे. कुंकळ्ळी शेजारच्या सासष्टीत. देवीने ते गाव सोडले सोळाव्या शतकात. नाव मात्र सोडले नाही. वेर्ण्याच्या म्हाळसेची गोष्ट याच्या उलट. ती प्रियोळला गेली आणि जाताना जागेचे नावच घेऊन गेली: आज म्हार्दोळ म्हटले की फोंड्याकडचे ते देऊळ डोळ्यांसमोर येते, आणि वेर्ण्यातली मूळ जागा 'जुने म्हार्दोळ' होऊन बसली आहे. क्षेत्राचे माहात्म्य तिथल्या मातीत असते, ते उचलून नेता येत नाही, असे आपली क्षेत्रमाहात्म्ये सांगतात. ही समजूत पारखायची तर गोव्यासारखी जागा नाही, कारण इथे देव एका गावात आणि माती दुसऱ्या गावात अशी फारकतच इतिहासाने करून ठेवली आहे.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये तिसवाडी जिंकली, 1540 च्या सुमारास तिथली देवळे पाडली. 1543 मध्ये सासष्टी आणि बारदेश त्यांच्याकडे आले, आणि 1567 पर्यंत सासष्टीतली देवळेही गेली. त्या काळात अनेक गावांनी आपले देव नदीपार हलवले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला, मडगावचा दामोदर जांबावलीला. फोंडा महाल तेव्हा आदिलशाहीत होता. हिंदू देवांना आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या मुलखात, हे सोपे इतिहास लिहिणाऱ्यांना अजूनही जरा अडचणीचेच वाटते. सह्याद्रिखंडात मंगेशाची जी कथा आहे ती कुशस्थळीची. वाघाचे रूप घेतलेला शंकर आणि घाबरलेली पार्वती तिथलीच. म्हणजे पोथीच्या हिशेबाने प्रियोळचा मंगेश हा पाहुणा. पण तसे कुणी त्याला वागवले नाही. 1739 मध्ये सरदार रामचंद्र मल्हार सुखठणकरांच्या खटपटीने पेशव्यांकडून गावच देवाला मिळाले. कवळ्याचे आजचे देऊळ शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिले. मुंबई, मालवण, कारवारची घराणी लग्नानंतर कुलदेवाला जातात ती या नव्या जागांना. पोथी बदलली नाही, पावलांची दिशा तेवढी बदलली.

मग मूर्तीबरोबर नदीपार असे काय गेले, ज्याने परकी जमीन आपली झाली? उत्तर शोधायचे तर देवाच्या कथेपेक्षा गावाच्या व्यवस्थेकडे पाहावे लागते. 1526 मध्ये आफोंसु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गावांचे रीतिरिवाज लिहून काढले, तेव्हा त्याला दिसले की गाव गावकरांचे आहे: मूळ वसवणाऱ्या घराण्यांचे, त्यांच्या ठरलेल्या क्रमाने बोलण्याचे आणि ठरलेल्या वाट्याचे. देऊळ या व्यवस्थेच्या मधोमध उभे. पुजारी, वाजंत्री, दिवटी धरणारा, फुले आणणारा, प्रत्येकाच्या कामाला जमिनीचा तुकडा जोडलेला. आणि प्रसाद आधी कुणाच्या हातावर पडायचा, पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा, हेही ठरलेले. देव हलला तेव्हा जमिनीचे तुकडे मागे राहिले, पण क्रम बरोबर गेला. माझे म्हणणे असे की जागेला पावित्र्य येते ते या क्रमाने, म्हणजे मानाने आणि पाळीने. जिथे माझी पाळी ठरलेली आहे आणि ती चुकवली तर चार माणसे जाब विचारतात, ती जागा माझ्यासाठी इतर जागांसारखी राहत नाही.

कुंकळ्ळीत हे अगदी जवळून दिसते. देवळे पाडलेल्या या मुलखात क्रूस उभारायला आलेल्या पाच जेझुइटांना 15 जुलै 1583 रोजी गावकऱ्यांनी ठार मारले. त्यांत रोदोल्फो आक्वाविवा होता, अकबराच्या दरबारातून नुकताच परतलेला. त्यानंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. सोळा गेले आणि एकच नदीत उडी टाकून वाचला, असे परंपरा सांगते. गावकरीचे हक्क गेले, जमिनी एका पोर्तुगीज सरदाराच्या झाल्या. कागदावर कुंकळ्ळीचे गावकर संपले. पण दर फाल्गुनात फातर्प्याहून देवी कुंकळ्ळीला येते, गुलालाने रस्ता लाल होतो, आणि तिच्याबरोबर बारा छत्र्या नाचत येतात: रंगीत, उंच दांड्याच्या, गावकरांच्या बारा वांगडांची प्रत्येकी एक. वांगड म्हणजे घराणे, भावकी. पूर्वजांनी धर्म बदललेली ख्रिस्ती घराणीही या उत्सवात आपले नाते सांगतात. सरकारी दप्तरातून जे खोडले गेले ते छत्रीच्या दांड्यावर टिकले. छत्री हा त्या गावाचा सातबारा आहे, फक्त तो वर्षातून एकदा उघडतो.

यावर कुणी म्हणेल, मग देवीला कुंकळ्ळीला यायचेच कशाला? मान आणि पाळी फातर्प्यात सुखरूप असताना जुन्या मातीची ओढ उरते, म्हणजे मातीतच काही असले पाहिजे. शिवाय मडगावला दामोदराच्या जागी होली स्पिरिटचे चर्च उभे राहिले. जिंकणाऱ्यांनाही तीच माती हवी होती. आक्षेप वजनदार आहे, पण दिवाडी बेट त्याला उत्तर देते. कदंबांचा सप्तकोटेश्वर तिथला. चौदाव्या शतकात तो एकदा उद्ध्वस्त झाला, विजयनगरच्या माधव मंत्र्याने 1391 च्या सुमारास पुन्हा उभारला, पोर्तुगीजांनी पुन्हा पाडला, आणि देव नदीपलीकडे डिचोलीच्या नार्व्याला गेला. तिथे 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला, त्याचा शिलालेख आजही दारावर आहे. त्याच दिवाडीवर पियेदाद चर्चशेजारच्या दफनभूमीत एक लहान कपेल आहे, ज्याच्या छताला एका जुन्या देवळाचे कोरीव दगड दिसतात. दगड तेच, जागा तीच. पण तिथे कुणाची छत्री येत नाही, म्हणून पाहणाऱ्याला ते शिल्प वाटते, देव वाटत नाही. मातीची ओढ कुंकळ्ळीत आहे, कारण तिथे परत येणारे बारा वांगड आहेत. चर्च त्याच जागी बांधण्यामागेही जागेच्या तेजापेक्षा साधा हिशेब होता: देवळाच्या जमिनींचे उत्पन्न तिथे होते आणि लोकांच्या पायांना तीच वाट ठाऊक होती.

याहून बोचणारा आक्षेप वेगळा आहे, आणि तो मला खोडता येत नाही. पावित्र्य मानातून येत असेल, तर ज्याला मान नाही त्याच्यासाठी ती जागा काय? 1933 च्या पोर्तुगीज कायद्याने गोव्यातल्या देवस्थानांच्या महाजनांची, म्हणजे कारभारात मत असलेल्या घराण्यांची, नोंद पक्की केली, आणि पिढ्यान्‌पिढ्या देवळाची सेवा करणारे कित्येक समाज त्या यादीबाहेर राहिले. कलावंतांच्या घराण्यांनी मंगेशीसारख्या देवळांत गाऊन-नाचून देवाला जागवले; त्यांच्याकडे पाळी होती, मत नव्हते. दीनानाथ मंगेशकर याच परिसरातले, आणि त्यांच्या आडनावात देवाचे गाव आहे, जसे कुंकळ्ळीकरणीच्या नावात तिचे आहे. ज्या व्यवस्थेने देवाला नदीपार जगवले, तिनेच कुंपणही घातले. दोन्ही कामे एकाच हाताची, त्यामुळे एकाचे कौतुक करताना दुसरे झाकता येत नाही. उलट मला वाटते की हा आक्षेप माझ्या मुद्द्याला बळच देतो: पावित्र्य नुसत्या मातीत असते तर मानासाठी कुणी कोर्टात गेले नसते. गोव्यातल्या देवळांचे खटले वाचले तर भांडण देव खरा की खोटा यावर क्वचितच असते; पालखीपुढे कोण, दिवजोत्सवात दिवे घेणाऱ्या बायकांत पहिली कोण, चावी कुणाकडे, यावर असते.

फाल्गुनातल्या त्या दिवशी देवी कुंकळ्ळीत राहत नाही. छत्र्या फातर्प्याकडे वळतात, गुलाल धुतला जातो, आणि दप्तराला बारा वांगडांचा पत्ता पुन्हा वर्षभर लागत नाही.