कढईचे तांबे

चीनमधल्या शिन्चौच्या यानशान भागात एक कडू झरा होता. त्याचे पाणी आटवले की मोरचूद मिळे, मोरचूद तापवले की तांबे. आणि ज्या लोखंडी कढईत हे आटवायचे, ती कढईच कालांतराने तांब्याची होई. अकराव्या शतकातला चिनी विद्वान शन ख्वो याने ही नोंद करून ठेवली आहे. खाणीच्या पाण्यातून तांबे काढण्याच्या तंत्राची कुळकथा मी या कढईपासूनच सांगेन. झऱ्याच्या तांब्याकडे कोणाचेही लक्ष जाईल. भांडे बदलत चालले आहे, हे दिसायला मात्र ते रोज घासणारे कोणीतरी हवे.

अशा पाण्याला चिनी लोक पित्तपाणी म्हणत. मोरचुदात त्यांना पित्त दिसले, आपल्याकडे मोराची मान: अमरकोशात तुत्थाचे, म्हणजे मोरचुदाचे, एक नाव शिखिग्रीव आहे.

नाणी पाडायला चीनच्या सोंग राजवटीला तांबे कमी पडू लागले, तेव्हा त्या कढईचा कारखाना झाला. राजवटीच्या अधिकृत इतिहासात कृतीच दिली आहे. लोखंड ठोकून पातळ पत्रे करायचे, पित्तपाण्याच्या पन्हळीत ओळीने मांडायचे. काही दिवसांत त्यांवर लाल काजळी धरते. ती खरवडून भट्टीत तीनदा वितळवायची. एक जिन (चिनी वजन) तांब्याला सव्वादोन जिन लोखंड लागते, असा हिशेबही तिथे आहे.

मला हा हिशेब फार मोलाचा वाटतो. लोखंडाचे नुसते रूप पालटत असते, तर वजनाचा मेळ बसला असता. युरोपात त्याच घटनेचा चमत्कार झाला. आजच्या स्लोव्हाकियातल्या हेरेनग्रुंडच्या खाणीतल्या अशा तांब्याचे पेले सतराव्या-अठराव्या शतकांत घडवले जात. आपण आधी लोखंड होतो, आता तांबे आहोत, असे त्यांतले काही पेले कोरीव अक्षरांत स्वतःच सांगतात.

प्रत्यक्षात लोखंड तांबे होत नाही, तांब्यासाठी जागा सोडते. शाळेत मोरचुदाच्या द्रावणात खिळा बुडवतात, तेच हे. लोखंड विरघळून पाण्यात जाते आणि तांबे बाहेर येऊन बसते. रसायनाच्या हिशेबाने किलोभर तांब्याला सुमारे ८८० ग्रॅम लोखंड पुरावे. पण पाण्यातले आम्लही लोखंड खाते, म्हणून चिनी कारागिरांना इतके जास्त लागे. हे आम्ल येते हवा-पाणी लागलेल्या गंधकयुक्त खनिजांतून. ते काम झपाट्याने करणारे जिवाणू खाणीच्या पाण्यात सापडले ते १९४७ साली.

हेच तंत्र अलीकडेही वापरले गेले. अमेरिकेतल्या ब्यूट गावी तांब्याची जुनी बर्कली खाण आहे. १९८२मध्ये तिथले उपसा पंप थांबले आणि तो प्रचंड खड्डा आम्लपाण्याने भरत गेला. १९९८ ते २०१३ या काळात बहुतेक वर्षे ते पाणी उपसून भंगार लोखंडावरून सोडत. तांबे खाली बसे. लोखंड घेऊन निघालेले, अजूनही आम्लच असलेले पाणी परत त्याच खड्ड्यात जाई.