दाहनिर्देशक आणि स्वमग्नता
शरीरात दाह सुरू असताना रक्तात वाढणारे घटक म्हणजे दाहनिर्देशक. यकृतात तयार होणारे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी) आणि इंटरल्युकिन-६सारखे सायटोकाइन (प्रतिकारशक्तीचे संदेशवाहक रेणू) त्यांत प्रमुख. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या काही गटांत सायटोकाइनचे प्रमाण सरासरीने जास्त आढळले. पण साध्या तापाने किंवा लठ्ठपणानेही हे घटक वाढतात. गर्भवतींच्या सीआरपीबाबत तर निष्कर्षच परस्परविरोधी आहेत: फिनलंडमधील अभ्यासात वाढलेल्या पातळीचा मुलांतील स्वमग्नतेशी संबंध दिसला, कॅलिफोर्नियात नेमके उलट. स्वमग्नतेचे निदान मात्र वागणुकीवरूनच होते: हाक मारल्यावर मूल वळते का, हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, नजरेला नजर देते का. केवळ रक्ततपासणीवरून पालकांना स्वमग्नतेचे निदान सांगणे गैर ठरते.