बंडीचा कापूस

वर्ध्याच्या वैशाखांत खादी पुन्हां रसिकतेचें लक्षण ठरली आहे. आजोबांची बंडी नातू हौसेनें मिरवतो. ३० एप्रिल १९३६ रोजीं, ऐन उन्हाळ्यांत, गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, राहावयास आले. तेव्हां हें जाडेंभरडें कापड अंगावर घेणें ही प्रतिज्ञाच होती. १९३८ सालीं वर्ध्यास मगनसंग्रहालय उघडलें. चरख्याची परंपरा तेथें जपली गेली. कापसाचें दैव मात्र निराळें. हिंगणघाटची ‘बनी’ ही देशी कापसांत लांब, तलम धाग्याची. उन्हाळी वस्त्रास तीच शोभावी! परंतु रुई अधिक देणाऱ्या भरड ‘जरी’ जातीनें तिला एकोणिसाव्या शतकाअखेरीसच शेतांतून हुसकावलें होतें. परवां दुकानांत मीं बंडीच्या कापसाची जात विचारली. दुकानदारानें किंमत सांगितली.